जागा बदलणारं दुखणं

१४ जानेवारी

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच ठेवून देशील, असं मावशी म्हणाली. पत्ता तिनेच दिला. तिच्यावर चिडू नकोस. मी तीनदा मागितला तेव्हा कुठे दिला, तोही "मी दिला म्हणून सांगू नकोस" असं बजावून. म्हणजे आता ते सांगूनही झालं.

अकरा वर्षांनी लिहायचं तर सुरुवात कुठून करायची कळत नाही, म्हणून सरळ कामाचंच लिहिते. मी अजून त्याच दातांच्या लॅबमध्ये आहे. कवळ्या बनवते. मालक तेच, टेबल तेच. तर आमच्याकडे एक बाई आहे, माझ्याच वयाची असेल. सप्टेंबरात तिचा डावा खांदा धरला. प्लास्टरची गोणी उचलली त्याचं असेल, असं सगळे म्हणाले. तीन आठवड्यांनी खांदा सुटला आणि जबडा धरला. मग डावी कंबर. मग दोन्ही तळपाय. सकाळी जमिनीला टेकवले की कुणी झोपेत बडवून काढल्यासारखे. आता परत खांदा, पण उजवा. रक्त तपासून झालं, एक्स-रे झाले, सगळं नॉर्मल.

तुलाही असं काहीतरी व्हायचं, एवढं मला आठवतं. म्हणून विचारते, त्या बाईसाठी. तू तेव्हा काय करायचीस? झोप कशी लागायची? आणि हे जातं का, की नुसतं जागा बदलत राहतं?

तिला घाई आहे. म्हणजे काळजी आहे. फोन नंबर खाली लिहिलाय, पण तू फोन करणार नाहीस हे मला माहीत आहे.

धाकटी


२ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. दोनच ओळी. "ती बाई तू आहेस. अक्षर उजवीकडे खाली घसरतंय. मनगट की खांदा?"

मी ते ओट्यापाशी उभ्या उभ्या वाचलं. आधी हसू आलं, मग रडू आलं, मग जबडा ठणकायला लागला म्हणून रडणं आवरतं घेतलं.

खांदा. म्हणजे तेव्हा खांदा. आज मान आणि उजव्या हाताची मधली दोन बोटं. हे पत्र मी चार बैठकांत लिहितेय. खुर्चीत बसले, उठले, पलंगावर पालथी पडून लिहून पाहिलं, आता खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून उभी आहे. एका जागी पाच मिनिटं धड राहता येत नाही गं. आणि बघणाऱ्याला वाटतं, हिला काय धाड भरलीय, चांगली फिरतेय की घरभर!

रिपोर्ट नॉर्मल आले त्या दिवशी नवऱ्याने आइस्क्रीम आणलं. "चला, सुटलो," म्हणाला. मीही खाल्लं. त्याला काय सांगू, की मला काहीतरी सापडायला हवं होतं? एखादं हाड तिरकं, एखादी शीर दबलेली, काहीही. बोट ठेवून दाखवता आलं असतं. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठे?" तर मी म्हटलं, "आज की काल?" त्यांनी पेन खाली ठेवलं आणि घरी काही ताण आहे का, म्हणून विचारलं.

लॅबमध्ये मी कुणालाच काही बोललेले नाही. सोमवारी खांदा सांगायचा आणि गुरुवारी पाय सांगायचा, म्हणजे समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मला चांगलं ठाऊक आहे. कसं ठाऊक आहे, ते तुलाही ठाऊक आहे.

तू काय करायचीस, ते लिही ना. दोन ओळी तर दोन ओळी.

धाकटी


१९ फेब्रुवारी

ताई,

तुझ्या सूचना पोचल्या. कार्ड मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. "चांगल्या दिवशी निम्मं काम करून थांब. थांबता येत नसेल तर मला लिहू नकोस." तुझा आवाज ऐकू आला वाचताना. तलावाच्या काठावरून पोहणाऱ्या मुलांवर ओरडायचीस, तो.

तर ऐक. मी थांबले नाही. गेल्या मंगळवारी सकाळी उठले आणि काहीच दुखत नव्हतं. काहीच! आधी विश्वास बसेना. मान फिरवून पाहिली, पायऱ्या उतरून पाहिल्या. मग अशी काही सुटले की विचारू नकोस. पाच महिन्यांचं साचलेलं सगळं काढलं. खिडक्या पुसल्या, माळा आवरला, गाद्या उन्हात टाकल्या, पडदे धुतले. नवरा संध्याकाळी आला आणि म्हणाला, "बघ, मनावर घेतलंस की होतं सगळं." बुधवारपासून शनिवारपर्यंत मी पलंगावर. केस विंचरायला हात वर जाईना. त्याने बिचाऱ्याने चहा करून आणला, पण ते वाक्य काही परत घेतलं नाही.

आणि सोमवारी कामावर घोळ झाला. आमच्याकडे एका आजोबांची पूर्ण कवळी होती, वरची आणि खालची. ते पूर्वी रेडिओवर बातम्या वाचायचे. मेणात दात बसवताना समोरचे दात केसभर पुढे गेले तरी माणसाचा उच्चार बदलतो. ते काम लॅबमध्ये माझ्याशिवाय कुणी करत नाही. बोटं सुन्न होती, मी तशीच रेटत राहिले. आजोबा काल स्वतःच आले. मालकांसमोर खुर्ची ओढून बसले आणि वर्तमानपत्राचं पहिलं पान मोठ्याने वाचून दाखवलं. प्रत्येक 'स' ला शिट्टी! सरकार म्हणताना शिट्टी, समिती म्हणताना शिट्टी. कुणाला हसावं की काय करावं कळेना. वाचून झाल्यावर ते एवढंच म्हणाले, "माझ्याकडे दुसरं काही नव्हतं हो, आवाजच होता."

मी म्हटलं, दातांच्या डॉक्टरांनी घेतलेला ठसाच बरोबर आला नव्हता. म्हणजे दोष डॉक्टरवर ढकलला. मालकांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

आज दोन्ही कोपरं. हातांत काही धरलं की आत विस्तव.

धाकटी


१ मार्च

ताई,

"आता कळलं?" एवढंच? सबंध कार्डावर दोन शब्द?

हो, कळलं. पण मग तुलाही काही कळायला हवं होतं. बाबांना पक्षाघात झाला तेव्हा माझी मुलगी आठ वर्षांची होती. लॅबमधून सुटले की पळत बाबांकडे. त्यांना कुशीवर वळवायचं, चादर बदलायची, अंग पुसायचं, परत वळवायचं. केवढं वजन होतं त्यांचं! आणि तू भिंतीला टेकून उभी. "आज हात उचलत नाहीये गं." आदल्या दिवशी गुडघा होता. त्याच्या आदल्या दिवशी पाठ. आणि त्याच सकाळी तू तलावावर जाऊन दीड तास मुलांना पोहायला शिकवून आलेली असायचीस! शिकवायला अंग चालतं आणि बापाला उचलायला चालत नाही, असं मला वाटलं तर माझं काय चुकलं? कुणालाही वाटलं असतं.

आणि हो, बाबा गेल्यावर सगळे जमले होते तेव्हा बोलले मी. "बाबांना उचलावं लागू नये म्हणून हिचं अंग दुखत होतं." काका, मावशी, शेजारी, सगळ्यांसमोर. तू एक अक्षर बोलली नाहीस. भांडायचं होतंस ना! माझ्या दोन थोबाडीत द्यायच्या होत्यास. तू सगळ्यांना चहा दिलास आणि महिन्याभरात बॅग भरून निघून गेलीस. अकरा वर्षं मला शिक्षा, आणि आता वर हे विचारणं.

मला तुझ्याकडून औषध हवं होतं, टोमणा नको होता.


५ मार्च

ताई,

मागचं पत्र मी पेटीत टाकलं आणि पुढच्याच क्षणी पेटीत हात घातला. मनगट अडकलं. पोस्टातल्या बाईने येऊन सोडवलं आणि म्हणाली, "एकदा टाकलं की आमचं झालं हो ते." म्हणून ते तुला मिळालं असेल. मिळालं असेल तर वाचलंही असशील.

मी काल एका नव्या डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्या फक्त न जाणाऱ्या दुखण्यांचंच बघतात. त्यांनी मला माणसाच्या आकृतीचा कागद दिला, पुढची बाजू आणि मागची बाजू, आणि म्हणाल्या, "गेल्या सहा महिन्यांत जिथे जिथे दुखलं तिथे पेन्सिलने रंगवा. लाजू नका." मी रंगवत गेले. दहा मिनिटांनी कागदावर पांढरं असं नाक आणि पोटाचा थोडा भाग उरला. मला वाटलं, आता ह्याही पेन खाली ठेवणार. त्यांनी कागद फाइलला लावला आणि म्हणाल्या, "बरोबर. असंच असतं."

असंच असतं! मला त्यांच्या टेबलावर डोकं ठेवावंसं वाटलं.

त्यांनी समजावलं ते मला जेवढं समजलं तेवढं लिहिते. हाडं, स्नायू ठीक आहेत, म्हणून तपासणीत काही येत नाही. पण दुखण्याची खबर देणाऱ्या नसा आणि ती खबर घेणारा मेंदू, हे दोन्ही फार हळवे झालेत. जिथे नुसता स्पर्श कळायला हवा तिथे मार कळतो. आज इथून खबर येते, उद्या तिथून. खबर चुकीची असेल, दुखणं चुकीचं नाही. ते तेवढंच दुखतं. नाव लांबलचक आहे, फायब्रोमायाल्जिया. पूर्ण जाईलच असं नाही. पण झोप नीट झाली, रोज थोडं चाललं, कामाचे तुकडे पाडले तर पुष्कळ कमी होतं. "निम्मं काम करून थांबायला शिका," म्हणाल्या. मी म्हटलं, हे मला आधीच कुणीतरी सांगितलंय.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कुणाला होतं का. मी तुझं सांगितलं. काय काम करायची बहीण? मी म्हटलं, पोहायला शिकवायची, आणि तेच तर मला कळत नव्हतं, घरी हात उचलत नव्हता आणि तलावावर मात्र... त्या म्हणाल्या, "पाण्यात अंगाचं वजन पाणी उचलतं ना. बऱ्याच जणांना तेवढा वेळ बरं वाटतं. कदाचित तेवढाच एक तास त्यांना दिवसातून बरं वाटत असेल."

ताई, त्यानंतर त्या काय बोलल्या ते मला आठवत नाही. औषधाची चिठ्ठी मी परत जाऊन आणली.

धाकटी


२२ मार्च

ताई,

तुझं काही आलं नाही. बरोबरच आहे.

एक गोष्ट आहे जी तुला माहीत नाही. गेले दोन आठवडे मी ती लिहायला बसतेय आणि उठतेय. नवरा म्हणतो, आता कशाला उकरून काढतेस? पण डॉक्टरीणबाई तलावाबद्दल बोलल्यापासून मला चैन नाही. मानेचं दुखणं उतरलं तर तेवढ्या जागेत हे चढून बसतं.

बाबा जायच्या आधीच्या जानेवारीत एक दिवस तू आतल्या खोलीत झोपली होतीस. तलावाच्या मॅनेजरचा घरच्या फोनवर फोन आला. तू तीन आठवड्यांत पाच सुट्ट्या घेतल्या होत्यास. त्यांनी मला विचारलं, "तुमच्या ताई खरंच आजारी आहेत का हो? काय ते एकदा कळलं तर बरं." मी तेव्हाच बाबांची चादर बदलून, हात धुऊन आले होते. माझी कंबर मोडली होती, आणि बाबांनी मला पाणी मागताना तुझ्या नावाने हाक मारली होती. नेहमी तुझ्याच नावाने मारायचे. करायची मी आणि नाव तुझं.

मी फोनवर म्हणाले, "काल गुडघा होता, आज जबडा आहे. उद्याचं तिने अजून ठरवलेलं नाही."

ते हसले. मीही हसले. ते म्हणाले, "समजलो."

पुढच्या आठवड्यात तुझ्या जागी दुसरी मुलगी आली. तुला वाटलं, आजारपणाचं सर्टिफिकेट वेळेवर दिलं नाही म्हणून. तू माझ्यासमोर बसून म्हणालीस, "मी एक दिवस उशीर केला गं, माझीच चूक." मी तुला म्हटलं, जाऊ दे, मिळेल दुसरं काम. आणि तुला सूप करून दिलं. ते सूप तू पिताना मी समोर बसून होते.

बस. एवढंच होतं. बाकी सगळी कारणं आहेत, पण ती लिहीत नाही. ती मला पाठ आहेत.

तू आता लिहिलं नाहीस तर मी विचारणार नाही का लिहिलं नाहीस.

धाकटी


३० एप्रिल

ताई,

उत्तराची वाट बघत नाहीये, असं स्वतःला सांगून लिहितेय. पोस्टमनला मात्र ते पटलेलं दिसत नाही. मला गेटपाशी बघितलं की लांबूनच हात हलवतो, नाही म्हणून.

मालकांना सांगितलं सगळं. आजोबांच्या कवळीचा ठसा बरोबर होता, चूक माझ्या बोटांची होती, हे आधी सांगितलं. मग बाकीचं. मालकांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे तुम्ही सहा महिने मला खोटं सांगत होतात." मी म्हटलं, हो. "दुखत नाही असं खोटं." हो. ते म्हणाले, "उलटं खोटं बोलणारी माणसं पुष्कळ पाहिली, हे पहिल्यांदाच." पण ते काही विरघळले वगैरे नाहीत. गोणी उचलणं आणि पॉलिशच्या मशीनचं काम बंद, दात बसवणं फक्त सकाळी, दर अर्ध्या तासाला उठायचं. आणि दुपारनंतर घरी, पगार त्या हिशेबाने. रडत रडत हो म्हटलं. घरी येऊन वाटलं, ठीक आहे, निम्मं तर निम्मं.

आजोबांची कवळी मी नव्याने केली. सहा सकाळी लागल्या. मेणातले दात घालून त्यांना वाचायला लावायचे, थोडा फरक करायचे, परत वाचायला लावायचे. बोटं नाही म्हणाली की थांबायचे. ते खुर्चीत बसून वाट बघायचे. एकदा त्यांनी विचारलं, "फार दुखतंय का?" मी म्हटलं, "आज मधलंच आहे." तर म्हणाले, "मग मी चहा मागवतो." बाकी काही विचारलं नाही. मला ते फार बरं वाटलं.

घरी मात्र सारखी भांडणं. नवरा काळजीपोटी सारखा म्हणतो, "काल तर बरी होतीस." परवा मी ताट आपटलं. म्हटलं, "काल बरी होते हा पुरावा आहे का माझ्याविरुद्ध?" त्याने ताट उचलून ठेवलं. मग म्हणाला, "मला भीती वाटते गं. काय धरून चालावं तेच कळत नाही. रोज सकाळी तू डोळे उघडलेस की मी आधी तुझं तोंड बघतो." मला हे माहीतच नव्हतं. आता तो मला सोडायला लॅबपर्यंत चालत येतो. बोलतो फार, पण येतो.

आज डाव्या बाजूच्या बरगड्या. श्वास घेतला की आहेत हे कळतं.

धाकटी


११ जून

ताई,

तुझं पत्र. कार्ड नव्हे, पत्र! पाच पानं. मी ते तीन वेळा वाचलं आणि मग चपला घालून बाहेर पडले. बाजाराला दोन फेऱ्या मारल्या, काही न घेता परत आले, आणि परत वाचलं.

म्हणजे तुला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मॅनेजरने तुला काढताना माझं वाक्य जसंच्या तसं ऐकवलं होतं, हसत हसत. आणि तू घरी येऊन मला म्हणालीस, सर्टिफिकेटला उशीर झाला. कारण तुला बघायचं होतं, मी काय म्हणते. तू मला संधी दिलीस आणि मी सूप आणून दिलं.

"नोकरी गेली त्याचं एवढं नाही. नातेवाइकांसमोर बोललीस तेही मी कदाचित गिळलं असतं. पण तू त्या सूपात मीठ बरोबर आहे का, म्हणून विचारलंस. तेव्हा मला कळलं, ह्या घरात मी राहू शकत नाही." हे तू लिहिलंयस. मला मिठाचं आठवतही नाही. तुला अकरा वर्षं आठवतंय.

माफ केलं असं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. मी पाचही पानं शोधली. पण शेवटी लिहिलंयस, "जुलैत ये. यायचं असेल तर. माझे वाईट दिवस असले तर मी दार बंद करून पडून असते, बोलत नाही, आवाज सहन होत नाही. तेव्हा रुसायचं नाही. तुझे वाईट दिवस असले तर तुझी गादी तू घालायची."

येते. नवरा म्हणतो बसचे अकरा तास तुला झेपणार नाहीत, मी सोबत येतो. मी त्याला नाही म्हटलं. अर्ध्या वाटेवर उतरून एक दिवस मुक्काम करीन आणि दुसऱ्या दिवशी पुढची बस धरीन. निम्मं निम्मं. डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या, जा.

मला भीती वाटते. बसची नाही.

धाकटी


४ जुलै, दुपार

ताई,

तुझ्याच घरात बसून तुला पत्र लिहितेय, ह्याला काय म्हणावं? दाराखालून सरकवीन. वाचावंसं वाटलं तर वाच.

पहिला दिवस तू चांगली होतीस. मला वाटलं होतं तू दारातच काहीतरी बोलशील, किंवा मी बोलेन. तू म्हणालीस, "जाड झालीस." मी म्हटलं, "तू पिकलीस." आणि मग तू मला मोरी कुठे आहे ते दाखवलंस. संध्याकाळी तुझ्याबरोबर त्या छोट्या तलावावर आले. तू पाण्यात उभी राहून त्या सात म्हाताऱ्या बायकांना हात कसे फिरवायचे ते दाखवत होतीस. मी बाकावर बसून बघत होते. तुझा चेहरा बघत होते. छातीएवढ्या पाण्यात तुझ्या कपाळावरची आठी गेली, आणि शिडी चढून वर आलीस तशी परत आली. एक एक पायरी. बाबांच्या वेळी मी एकदा जरी तलावावर येऊन हे बघितलं असतं तर! दहा मिनिटांवर तर होता.

काल सकाळपासून तुझं दार बंद. आज दुसरा दिवस. मी नळ बारीक सोडते, भांडी फडक्यावर ठेवते. पेज केलीय, दारापाशी वाटी ठेवली होती, ती तू घेतलीस. मीठ मी घातलं नाही, शेजारी वेगळं ठेवलंय. काय करावं ते कळेना म्हणून तसं केलं.

माझंही चाललंय. बसचा बदला आता निघतोय, दोन्ही पोटऱ्या आणि कमरेपासून खाली सगळं. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. बसवत नाही, झोपवत नाही. सारखं वाटतं, दार ठोठावावं. सारखं वाटतं, परत जावं. सकाळी मी बॅगेत कपडे भरलेही होते. मग ते परत काढून घडी घातले. तू रुसायचं नाही म्हणाली होतीस, आणि मी रुसलेले नाही. मला फक्त माझं तोंड कुठे ठेवावं ते कळत नाहीये. तू उठलीस की मी काय बोलायचं हे मी बसमध्ये अकरा तास ठरवत होते, आणि त्यातलं एकही वाक्य आता


तिथेच थांबले होते, कारण तू आतून भिंतीवर दोनदा वाजवलंस. मी दाराशी आले. तू म्हणालीस, "किती लिहितेस गं? कागदाचा आवाज येतोय. आत ये आणि गप्प बस."

आता मी तुझ्या खोलीत खाली सतरंजीवर आहे आणि वही मांडीवर आहे. पडदे ओढलेले आहेत, थोडाच उजेड येतो. तू भिंतीकडे तोंड करून पडली आहेस. हे मी तुला द्यायचं की नाही ते अजून ठरवलेलं नाही, पण लिहिल्याशिवाय मला राहवत नाहीये. पेन्सिलने लिहितेय, आवाज कमी होतो.

बाहेर कुणीतरी सायकल टेकवली, एक बाई कुणाला तरी हाक मारत गेली. मी तीनदा कूस बदलली, चौथ्यांदा बदलताना गुडघा कडकन वाजला.

तू न वळता म्हणालीस, "मी अजून रागावलेली आहे."

मी म्हटलं, "हो."

"ते इतक्यात जायचं नाही."

"हो."

"तू आजारी पडलीस म्हणून फिटलं, असं समजू नकोस."

"नाही समजत."

मग तू थोडी भिंतीकडे सरकलीस. पलंग करकरला. एवढं सरकायलाही तुला किती त्रास झाला ते मला दिसलं. मी मदत केली नाही. कुठे हात लावला तर चालेल, हे मला माहीत नव्हतं.

"पोटऱ्या आहेत ना?" तू विचारलंस. "तुझ्या चालण्यावरून कळत होतं. काल रात्रीपासून फेऱ्या मोजतेय."

"पोटऱ्या आणि मांड्या."

"मग खाली कशाला बसलीस? पाय वर घे."

मी पाय वर घेतले.